जुन्या पोकलेनमधील ‘कम्युनिकेशन एरर’: कंट्रोलर बदलण्याआधी काय मोजावे

जुने मशीन पाहायला गेलेल्या माणसाला विकणाऱ्याकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: “मशीन एक नंबर आहे, फक्त मॉनिटरवर कधीमधी कम्युनिकेशन एरर येतो. कंट्रोलर बदलला की झाले.” या वाक्याचा पहिला भाग खरा असू शकतो, दुसऱ्या भागावर मात्र मोजमाप केल्याशिवाय विश्वास ठेवू नये. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा मशीनपैकी बहुतेकांत दोष कंट्रोलरमध्ये नव्हता. तो बॅटरीच्या क्लॅम्पमध्ये, अर्थच्या (म्हणजे पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या जोडणीच्या) बोल्टखाली, कळकलेल्या पिनेत किंवा कोणीतरी मधेच जोडलेल्या तारेत होता. कंट्रोलर, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, हा या साखळीतील सर्वांत महागडा भाग असल्यामुळे त्याच्यावर संशय घेण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी, आणि पुढील तपासणीचा क्रम त्याच हिशेबाने लावलेला आहे.

हा लेख २० ते २२ टन वर्गातील, २४ व्होल्टवर चालणाऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक इंजिन असलेल्या साखळीच्या एक्स्कॅव्हेटरला समोर ठेवून लिहिला आहे. फ्रान्समधील पोक्लेन कंपनीचे नाव आपल्याकडे या जातीच्या प्रत्येक मशीनला चिकटले आहे, म्हणून पुढे सोयीसाठी पोकलेन हाच शब्द वापरतो. तपासणीसाठी किमान-कमाल आकडा धरून ठेवणारा डिजिटल मल्टिमीटर, २४ व्होल्ट २१ वॅटच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प, बारीक टोकाच्या पिना आणि त्याच मॉडेलचा, शक्यतो त्याच सिरियल क्रमांकाच्या मालिकेचा, वायरिंगचा आराखडा लागतो. लॅपटॉप आणि निदानाचे सॉफ्टवेअर हाताशी असेल तर काम लवकर होते, पण त्यांच्यावाचून पुष्कळ मजल मारता येते.

दोन तारांवर काय चालते

पोकलेनमध्ये इंजिनचा कंट्रोलर, पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणारा मशीन कंट्रोलर, कॅबिनमधील मॉनिटर आणि बहुतेक वेळा मशीनची जागा आणि माहिती दूरवर पाठवणारी टेलिमॅटिक्सची पेटी असे घटक एकाच जोडतारेवर बसलेले असतात. या पद्धतीला कॅन (कंट्रोलर एरिया नेटवर्क) म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये तिच्यावर काम सुरू केले आणि १९८६ मध्ये ती जाहीर केली. अवजड वाहनांनी आणि यंत्रांनी तिच्यावर आधारलेली जे १९३९ ही पद्धत स्वीकारली. तिचा प्रचलित वेग सेकंदाला २,५०,००० बिट इतका आहे.

या दोन तारांपैकी एक कॅन-हाय आणि दुसरी कॅन-लो. कोणीच बोलत नसताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. एखादा कंट्रोलर बोलू लागला की हाय ३.५ पर्यंत चढते आणि लो १.५ पर्यंत उतरते. ऐकणारे कंट्रोलर फक्त या दोहोंमधील फरक वाचतात. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसावा आणि फरकातून वजा व्हावा म्हणून त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, त्याला टर्मिनेटर म्हणतात. तो नसेल तर संकेत टोकावर आपटून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो.

आणखी एक गुण ध्यानात ठेवावा. एखाद्या कंट्रोलरचे स्वतःचे संदेश वारंवार चुकू लागले तर तो त्या चुका मोजतो आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की स्वतःहून तारेवरून बाजूला होतो. म्हणून ‘कंट्रोलर बोलत नाही’ याचा अर्थ ‘कंट्रोलर मेला’ असा होत नाही. खराब तारेमुळे चांगला कंट्रोलरही गप्प बसतो.

कोड पुसण्याआधी लिहून घ्यावेत

मशीनवर चढल्यावर पहिले काम म्हणजे मॉनिटरवरील चालू आणि साठवलेले असे दोन्ही प्रकारचे दोषांचे कोड, प्रत्येक कोड किती वेळा आला आणि कितव्या तासाला आला, हे सारे कागदावर उतरवणे. आपल्याकडचा सर्वसाधारण रिवाज याच्या उलट आहे: आधी कोड पुसायचे आणि मग परत येतात का पाहायचे. असे केल्याने सर्वांत मोलाचा पुरावा आपल्याच हाताने नाहीसा होतो. उलट, मीटरवर आठ हजार तास आणि कोडांचा इतिहास मात्र कोरा असे दिसले, तर तो ग्राहक येण्याआधी कोणी पुसला हे विकणाऱ्याला सरळ विचारावे.

कोड वाचताना ‘कोणी कोणाविषयी तक्रार केली आहे’ हे पाहावे. जे १९३९ च्या पद्धतीत कोडाच्या शेवटी दोषाचा प्रकार सांगणारा आकडा असतो. ३ किंवा ४ म्हणजे व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त किंवा कमी. हा सहसा एखाद्या सेन्सरचा किंवा त्याच्या तारेचा दोष असतो. ९ म्हणजे अपेक्षित संदेश वेळेवर आला नाही आणि १९ म्हणजे तारेवरून आलेली माहितीच सदोष होती. हे संवादाचे दोष. मॉनिटर आणि मशीन कंट्रोलर दोघेही इंजिनच्या कंट्रोलरविषयी तक्रार करत असतील तर शोध इंजिनच्या बाजूला सुरू करावा. सगळेच सगळ्यांविषयी तक्रार करत असतील तर मुख्य तार किंवा वीजपुरवठा पाहावा. पाच-सहा असंबद्ध सेन्सरांचे कोड एकाच तासाला नोंदले गेले असतील, तर ते सेन्सर एकदम बिघडले असे मानण्यापेक्षा त्यांचा सामाईक पुरवठा, सामाईक अर्थ किंवा सामाईक कपलर (तारा जोडणारा प्लग) कोणता हे आराखड्यात शोधावे.

लक्षणेही सोबत लिहावीत. इंजिन चालू होते पण ॲक्सिलरेटरची डायल फिरवूनही आरपीएम बदलत नाही, काटे अचानक शून्यावर पडतात, हायड्रॉलिक मंद होते, मॉनिटर क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळतो. यांपैकी काय, केव्हा, गरम असताना की थंड असताना, स्विंग करताना की उभे असताना, हे ऑपरेटरला विचारावे. मालकाला अर्धे माहीत नसते; ऑपरेटर मात्र “दुपारनंतर होते” किंवा “ए.सी. लावला की होते” असे एका वाक्यात सांगून जातो आणि त्या वाक्यात पुष्कळदा निम्मे निदान असते.

वीज आणि अर्थ

या पायरीवर घाई करू नये, कारण सर्वाधिक दोष इथेच सापडतात. मशीन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या मिळून २५ व्होल्टच्या आसपास असाव्यात आणि दोघींमध्ये फारसा फरक नसावा, एक १२.६ आणि दुसरी ११.८ असेल तर जोडी फुटलेली आहे. इंजिन चालू असताना २७ ते २८.५ व्होल्ट मिळावेत. स्टार्टर मारताना मीटर किमान आकड्यावर लावून ठेवावा. व्होल्टेज १८ च्या खाली कोसळत असेल तर कंट्रोलर क्षणभर बंद पडून पुन्हा जागे होतात आणि त्या गडबडीत एकमेकांविरुद्ध कोड नोंदवतात. फक्त स्टार्ट करतानाच कोड येणाऱ्या मशीनला बॅटरी, क्लॅम्प किंवा स्टार्टर हवा असतो, कंट्रोलर नव्हे. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्यावा, कारण त्याची लहर साऱ्या वायरिंगमध्ये पसरते.

त्यानंतर संशयित कंट्रोलरचा कपलर सोडवून, हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) बाजूने, पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांमध्ये टेस्ट लॅम्प लावावा. मीटरला २४ व्होल्ट दाखवायला तारेचा एक धागा शिल्लक असला तरी पुरतो. बल्ब पेटवायला जवळजवळ एक अँपिअर लागतो, म्हणून तुटत आलेली तार तिथे उघडी पडते. हा बल्ब कॅनच्या तारांना किंवा सेन्सरांच्या ५ व्होल्टच्या तारांना चुकूनही लावू नये.

अर्थ तपासण्यासाठी सगळी विजेची साधने, म्हणजे वर्किंग लाइट, वायपर आणि ए.सी.चा ब्लोअर, चालू करावीत. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि तांबडी पिन आधी कॅबिनच्या पत्र्यावर, मग इंजिनच्या ब्लॉकवर, मग कंट्रोलरच्या अर्थच्या पिनेवर धरावी. ०.२ व्होल्टपर्यंतचा फरक चालेल. कॅबिन रबराच्या माउंटवर बसलेली असते हे इथे विसरू नये: तिला अर्थ मिळतो तो एका पट्टीतून, आणि ती पट्टी कॅबिनखाली सहज न दिसणाऱ्या जागी असते.

याचा धडा मला तळकोकणातल्या एका चिरेखाणीवर मिळाला. मशीन पावसाळाभर उभे होते, दिवाळीआधी विक्रीसाठी त्याला नवा रंग मारला होता, आणि “कंट्रोलर गेला आहे” म्हणून किंमत बरीच उतरवलेली होती. कॅनच्या तारांची सगळी मापे ठीक आली. मग कॅबिनच्या पत्र्यावर पिन धरून ब्लोअर सुरू केला, तेव्हा मीटरच्या कमाल आकड्याने चार व्होल्टपर्यंत उडी घेतली आणि त्याच क्षणी मॉनिटरवर कोड आला. कॅबिनखाली आडवे पडून पाहिले तर अर्थपट्टीचा लग (टोकाची कडी) बोल्टवर घट्ट होता, पण त्याच्याखालच्या पत्र्यावर पिवळा ताजा रंग होता. रंगवणाऱ्याने पट्टी सोडली, रंग मारला आणि पट्टी त्याच रंगावर परत आवळली. पॉलिश पेपर आणि दहा मिनिटे, एवढीच ती दुरुस्ती होती. तेव्हापासून नवा रंग मारलेले जुने मशीन दिसले की मी आधी अर्थचे सगळे बोल्ट सोडून पाहतो.

साठ ओहमचे माप

आता कॅनच्या तारा. किल्ली बंद करून भागत नाही, बॅटरीचा कट-ऑफ फिरवावा किंवा निगेटिव्ह क्लॅम्प काढावा. ज्या मशीनमध्ये डीईएफची (धूर स्वच्छ करण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या द्रवाची) व्यवस्था आहे तिथे किल्ली बंद केल्यावर त्या द्रवाची नळी रिकामी होईपर्यंत काही मिनिटे थांबावे. मग निदानाच्या सॉकेटवर हाय आणि लो यांच्यामधील रोध मोजावा. ९ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये जे १९३९ च्या मांडणीनुसार ए ही पिन अर्थची, बी बॅटरीची, सी कॅन-हायची आणि डी कॅन-लोची असते, पण काही उत्पादक याच आकाराच्या सॉकेटमध्ये मांडणी वेगळी ठेवतात, त्यामुळे आराखडा पाहिल्यावाचून पिन घालू नये.

१२० ओहमचे दोन रोध समांतर जोडले की ६० होतात, म्हणून आकडा ६० च्या आसपास यावा. १२० आला तर एक टर्मिनेटर गायब आहे किंवा मुख्य तार मधे तुटली आहे. ४० आला तर तिसरा टर्मिनेटर घुसला आहे. दुसऱ्या मॉडेलचा, आत टर्मिनेटर असलेला कंट्रोलर बसवलेल्या मशीनमध्ये हे आढळते. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काहीच आले नाही तर आधी सॉकेटकडे जाणारी फांदीच तुटली आहे का ते पाहावे.

१२० आल्यावर तूट कोणत्या बाजूला आहे हे शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. मॉनिटरच्या टोकाचा टर्मिनेटर, मग तो सुटा असो की मॉनिटरच्या आत, काढून पुन्हा मोजावे. आकडा नाहीसा झाला तर आपण ज्याच्याशी जोडलेले होतो तो हाच टर्मिनेटर होता, म्हणजे तूट इंजिनच्या बाजूला आहे; आकडा १२० च राहिला तर तूट मॉनिटरच्या बाजूला आहे.

साठ ओहम आले म्हणून निश्चिंत होणारेही पुष्कळ भेटतात. हे माप फक्त मुख्य तार आणि तिची दोन टोके ठीक असल्याचे सांगते. मधल्या एखाद्या कंट्रोलरकडे जाणारी फांदी पूर्ण तुटलेली असली तरी आकडा साठच राहतो. शिवाय काही मशीनमध्ये दोन किंवा तीन स्वतंत्र कॅन जाळी असतात. त्यांची मापे वेगवेगळी घ्यावी लागतात. दोन्ही तारांचा चेसिसशी रोधही मोजावा. तो काही किलोओहमच्या वर असावा. दहा-वीस ओहम दिसले तर तार कुठेतरी घासून पत्र्याला लागली आहे.

किल्ली चालू करून व्होल्ट

बॅटरी जोडून, किल्ली चालू करून, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवावी. संवाद चालू असताना हायवर साधारण २.६ ते २.८ आणि लोवर २.२ ते २.४ व्होल्ट दिसतात, दोहोंची बेरीज पाचच्या जवळ येते. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे संवाद किती दाट आहे यावर आकडे थोडे हलतात. दोन्हीकडे नेमके २.५ आणि फरक शून्य असेल तर कोणीच बोलत नाही किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. हे दुसरे आधीच्या ओहमच्या मापात कळलेले असते. लो शून्यावर बसली असेल तर ती अर्थला लागली आहे, आणि कोणतीही तार पाचच्या वर गेली असेल तर पुरवठ्याची तार तिला शिवते आहे. ऑसिलोस्कोप असेल तर दोन्ही तारांचे आलेख आरशातल्यासारखे परस्परविरुद्ध दिसावेत. या वेगाला एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा असतो, त्यावरून पडद्याची वेळ लावावी.

व्होल्ट बिघडलेले असतील तर कंट्रोलर एकेक करून तारेवरून उतरवावेत. प्रत्येक वेळी किल्ली बंद, कपलर सोडवणे, किल्ली चालू, माप. ज्याला काढल्यावर माप जागेवर येते त्याच्यात किंवा त्याच्या फांदीत दोष आहे. आत टर्मिनेटर असलेला कंट्रोलर काढल्यावर रोध साठाचा १२० होणारच, त्याला नवा दोष समजू नये. सुरुवात टेलिमॅटिक्सच्या पेटीपासून करावी, कारण ती काढली तरी मशीन सहसा चालते. तिच्याखेरीज मालकाने डिझेलवर किंवा जागेवर लक्ष ठेवण्यासाठी बाहेरून बसवलेला ट्रॅकर असेल तर तो आधी शोधावा. अशा पेट्या पुष्कळदा कॅनच्या तारेचे आवरण सोलून, नुसती पीळ मारून आणि वर काळी टेप गुंडाळून जोडलेल्या असतात. ती टेप उलगडली की आत हिरवी पडलेली तांब्याची तार दिसते.

अधूनमधून येणारा दोष

सगळी मापे बरोबर येतात आणि मशीन तासाभराने पुन्हा तेच करते, अशा वेळी जागेवर उभे राहून मोजण्याचा उपयोग नसतो. मशीन गरम होईपर्यंत चालवावे, मीटर किमान-कमाल आकड्यांवर लावून ठेवावा, आणि एकाने मॉनिटरकडे पाहत असताना दुसऱ्याने इंजिन बंद, किल्ली चालू अशा स्थितीत हार्नेस हातभर अंतराने हलवत जावे. इंजिनच्या कप्प्यातून कॅबिनकडे येताना पत्र्यातल्या भोकाचे रबर, पंपाजवळची गरम जागा, बॅटरीच्या पेटीमागचा कोपरा, सीटमागची कंट्रोलरची पेटी आणि कॅबिनचा तळ या जागा आधी पाहाव्यात. आपल्याकडे पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या राहिलेल्या मशीनच्या सीटमागे उंदरांची घरटी मिळणे यात काही नवल नाही. कुरतडलेली तार वरून धड दिसते, ती बोटांनी चाचपावी.

कपलर उघडल्यावर पाणी, तेल आणि कळकलेल्या पिना पाहाव्यातच, पण पिनेची पकडही पाहावी. त्याच मापाची सुटी नर पिन मादी पिनेत घालून ओढावी. ती अलगद बाहेर आली तर पकड गेली आहे. मीटरची जाड पिन मादी पिनेत खुपसल्याने नेमकी हीच पकड जाते, आणि तो नवा दोष आपलाच असतो. बारीक पिन कपलरच्या मागच्या बाजूने, सीलच्या कडेने सरकवावी. तारेचे आवरण टोचून माप घेऊ नये. त्या भोकातून पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी तार आतून कुजते.

जुन्या मशीनमध्ये वेल्डिंगचाही माग काढावा. बकेटच्या दातांचे अडॅप्टर आणि ओठ साइटवरच वेल्ड केले जातात, आणि त्या वेळी बॅटरी सोडवण्याची, वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावण्याची तसदी नेहमीच घेतली जात नाही. बूमवर ताजा वेल्ड दिसला आणि कोडांची सुरुवात त्याच सुमारास झाली असेल, तर कंट्रोलरच्या आतील संवादाचा भाग जळाल्याची शक्यता खरोखर धरावी लागते.

तारेची दुरुस्ती आणि शेवटी कंट्रोलर

कॅनची तार जोडताना पीळ राखावा, साधारण इंचाला एक वेढा. दोन्ही तारांचे जोड एकाच जागी न घेता मागेपुढे घ्यावेत. योग्य मापाची क्रिंप स्लीव्ह आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी वापरावी. घरगुती दोन पदरी तार ओढून काम भागवलेले पुष्कळदा दिसते. ती चालतेही, पण अल्टरनेटरच्या जवळून गेली की कोड परत येतात.

कंट्रोलर सदोष ठरवण्याआधी चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात: त्याच्या कपलरवर बल्ब पूर्ण प्रकाशात पेटतो, किल्लीचा संकेत त्याच्यापर्यंत पोहोचतो, त्याच्या पिनांवर कॅनचे व्होल्ट बरोबर आहेत, आणि बाकीचे सगळे एकमेकांशी बोलत असताना तो एकटा गैरहजर आहे. त्यानंतरही बदली कंट्रोलर घेताना पार्ट क्रमांकाबरोबर सॉफ्टवेअरचा क्रमांक जुळतो का, इंजिनच्या कंट्रोलरमध्ये इंजेक्टरचे कोड भरावे लागतात का आणि ते भरून देणारा माणूस उपलब्ध आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. दुसऱ्या चालू मशीनचा कंट्रोलर काढून इथे लावून पाहण्याचा मोह होतो. मात्र पुरवठ्याचा दोष शिल्लक असेल तर दोन मशीन उभी राहतात.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसावेत, ए.सी. आणि सगळे दिवे लावून मशीन दोन तास खऱ्या कामावर चालवावे, मग थंड होऊ देऊन पुन्हा स्टार्ट करावे आणि इतिहास पाहावा. विकणारा एवढा वेळ देत नसेल तर संपूर्ण हार्नेसची किंमत धरून भाव पाडावा. मशीन घेतलेच, तर रोध, हाय-लोचे व्होल्ट, अर्थमधील फरक आणि स्टार्ट करतानाचा किमान आकडा तारखेसह एका कागदावर लिहून फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतून चिकटवावा.